कुसळ, मुसळ आणि कॉर्डलेस

आमच्या चर्चमध्ये सहा नवे कॉर्डलेस माईक आले, त्याच्या दुसऱ्याच रविवारची गोष्ट. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण क्षणभर शांत राहून प्रार्थना करू या." मंडळीने डोळे मिटले, माना खाली घातल्या, एक लहान मूल रडत होतं तेही थांबलं. आणि त्या शांततेत वेदीच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "परत तीच फाटकी दहाची! गेल्या रविवारी पण हीच होती!"

आवाज कोषाध्यक्षांचा होता. सूचना वाचून झाल्यावर ते हातातला माईक तसाच घेऊन मागच्या खोलीत दानार्पण मोजायला बसले होते. मंडळीने डोळे मिटलेलेच ठेवले, पण बाकांवरचे खांदे हलू लागले. फाटकी दहाची कोणाची, हेही मला मागून दिसलं. सगळ्या चर्चमध्ये एकच गृहस्थ डोळे उघडून छताकडे बघत होते.

मी शेवटच्या बाकामागे मिक्सरवर बसलो होतो. समोर सहा पट्ट्या. त्यातली कोषाध्यक्षांची कोणती? पहिली खाली ओढली, ती पेटीची निघाली. दुसरी ओढली, ती पाळकसाहेबांची. तोवर कोषाध्यक्ष चिल्लरीवर आले होते. शेवटी मी मेन स्विचच बंद केला. त्यानंतरची प्रार्थना फक्त देवाला ऐकू गेली.

मी मूळचा इतिहासाचा मास्तर. नगरच्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झालेल्या माणसाला चर्च मोकळं सोडत नाही. गाता येत असेल तर कॉयरमध्ये घेतात, बोलता येत असेल तर कमिटीवर घेतात. दोन्ही येत नसेल तर मिक्सरवर बसवतात. 'सरांना शांत बसायची सवय आहे,' असं त्यामागचं कारण मला सांगण्यात आलं. सातवीच्या वर्गाला मी कसा शांत बसवत असे, त्याची ही उलटी आठवण असावी.

इतिहासाचा माणूस असल्यामुळे मला तिथे बसून भलतेच विचार सुचतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघालं. पुढे रेव्हरंड टिळकांची भजनं आणि कीर्तनं इथल्या मंडळीने ऐकली. त्या काळात वीज नव्हती, माईक नव्हता, आणि शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. मुख्य म्हणजे नसलेला माईक कधी बंद पडत नसे.

कॉर्डलेसचा इतिहासही मी वाचून काढला. अमेरिकेतल्या शुअर कंपनीने १९५३ साली एक बिनतारी माईक बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. नाव ठेवणाऱ्याने आमची मंडळी पाहिली असावीत. वायरचा माईक खुंट्याला बांधलेल्या गाईसारखा असतो, फार तर स्टँडभोवती फिरेल. कॉर्डलेस मात्र या हातातून त्या हातात, तिथून पर्समध्ये, पर्समधून वेदीमागे आणि शेवटी दानार्पणाच्या खोलीत जातो.

यातली मेख अशी, की प्रत्येक कॉर्डलेसची आपली एक फ्रिक्वेन्सी असते. मिक्सरजवळ त्याचा एक रिसीव्हर असतो आणि त्या रिसीव्हरची एक पट्टी. माईक कोणीही उचलो, पट्टी तीच. दोन माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले तर रिसीव्हर ज्याचा जोर जास्त त्याचंच ऐकतो, नाहीतर कोणाचंच न ऐकता नुसता खरखरतो. आमच्या कमिटीची बैठक नेमकी याच तत्त्वावर चालते.

तीन माईक असले की भानगड आणखी वाढते. समजा एक ६०० मेगाहर्ट्झवर आहे आणि दुसरा ६०१ वर. या दोघांच्या लहरी मिसळल्या की त्यातून ६०२ वर एक भूत जन्माला येतं. दुसऱ्याची दुप्पट करा, पहिला वजा करा, भुताचा पत्ता मिळतो. तुम्ही भोळेपणाने तिसरा माईक ओळीने ६०२ वर ठेवलात की ते भूत थेट त्याच्या मानगुटीवर बसतं. म्हणून फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर ठेवत नाहीत, वेड्यावाकड्या ठेवतात. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याचं घर कसं बिघडतं, हे वाड्यात राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं मी शिकलो. पण सहाही माईक एकाच उंचीचे, एकाच काळ्या रंगाचे. कावळ्यांच्या सभेत अध्यक्ष कोण ते ओळखायचं कसं? तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिचा मला पुढे पश्चात्ताप झाला. प्रत्येक माईकला एका रंगाची कडी घालायची आणि त्याच रंगाची टिकली मिक्सरवर त्याच्या पट्टीखाली चिकटवायची. हिरव्या कडीचा माईक कोणी उचलला की मी हिरव्या टिकलीची पट्टी वर करणार. पहिलीच्या मुलालाही जमेल असं काम.

आठ रंगांच्या रबरी कड्यांचं पाकीट ऑनलाइन मागवलं. कडी घातली की माईक टेबलावरून गडगडत नाही, हा आणखी एक फायदा. खर्च किरकोळ होता, पण चर्चमध्ये कोणताही रंग कमिटीला न विचारता आणता येत नाही. विषय क्रमांक सात, चहाच्या आधी.

सेक्रेटरी म्हणाले, "पांढरा नको. मळतो. मग तो कोणी धुवायचा यावर वाद होतो." पांढरा बाद.

आमचे एक सभासद इलेक्ट्रिशियन आहेत. ते म्हणाले, "लाल, पिवळा, निळा हे तीन फेज. काळा न्यूट्रल. हिरवा म्हणजे अर्थिंग. आता पाळकसाहेबांना फेज द्यायचा की अर्थिंग, ते कमिटीने ठरवावं." मग त्यांनी आयटीआयमधली एक युक्ती सांगितली. रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्यांना आकडे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात. हा क्रम लक्षात राहावा म्हणून आपल्याकडे पोरं बी. बी. रॉय नावाच्या कोण्या ग्रेट ब्रिटनच्या गृहस्थाची आणि त्याच्या गुणी बायकोची घोकंपट्टी करतात. काही साउंडवाले चॅनेलचे नंबरही याच रंगांनी लावतात. सगळ्यांना हे पटलं. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की या हिशेबाने तपकिरी कडीचे कोषाध्यक्ष क्रमांक एक होतात आणि लाल कडीचे पाळकसाहेब क्रमांक दोन.

"वस्तुस्थिती काही का असेना," सेक्रेटरी म्हणाले, "प्रोसीडिंगमध्ये ती येता कामा नये."

पाळकसाहेबांची अडचण वेगळीच. उपासनेच्या वर्षाला स्वतःचे रंग असतात. नाताळाआधीच्या ख्रिस्तागमनाच्या काळात आणि लेंटमध्ये जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, आणि उरलेलं बरंचसं वर्ष हिरवा. पुलपिटवरचं वस्त्र त्याप्रमाणे बदलतं. "मग वस्त्र जांभळं आणि माईक लाल, हे बरं दिसेल का?" त्यांनी विचारलं. यावर एका बाईंनी प्रत्येक काळासाठी वेगळी कडी आणि त्याप्रमाणे वेगळी टिकली असं सुचवलं. मी मिक्सरवरून राजीनामा देईन म्हटलं, तेव्हा ती सूचना मागे घेण्यात आली.

आता नारिंगीची पाळी. "नारिंगी कोणाला देणार?" असं एकाने विचारलं आणि खोली गप्प झाली. निवडणूक तोंडावर होती. आपल्या राज्यात रंग हा नुसता रंग कधी नसतोच, त्याच्यामागे काठी असते आणि काठीमागे माणसं. नारिंगी पाकिटात परत गेला. मग दुसरे म्हणाले, "त्या न्यायाने हिरवा आणि निळाही..." तिसरे म्हणाले, "मग लाल तरी कुठे मोकळा आहे?" शेवटी हातात तपकिरी आणि पिवळा एवढेच उरले, तेव्हा आमचे सर्वांत ज्येष्ठ पंच काठी टेकत म्हणाले, "मग काळाच काय वाईट होता?"

चहा आला म्हणून ठराव मंजूर झाला. लाल पाळकसाहेबांना, तपकिरी कोषाध्यक्षांना, हिरवा महिला मंडळाला, निळा कॉयरला, जांभळा तरुण संघाला आणि पिवळा संडे स्कूलला.

पुढच्याच रविवारी महिला मंडळाच्या बाई कडी हातात घेऊन आल्या. "सलाम, सर. हा कोणता म्हणालात?"

"हिरवा."

"हिरवा कसला हो? हा शेवाळी आहे."

"शेवाळी कुठला, पिस्ता म्हण," दुसऱ्या म्हणाल्या.

"मला तर मोरपंखीची झाक दिसते," तिसऱ्या.

मला रंग एकूण पाच-सहा ठाऊक. या बायकांच्या हिशेबात निळा म्हणून काही नव्हतंच. होता तो चिंतामणी. तपकिरी हा एकीला आमसुली वाटत होता, एकीला अंजिरी. जांभळ्याचे तर वांगी, गुलबक्षी आणि राणी असे तीन तुकडे झाले. साडीच्या दुकानात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि नवरात्रातल्या नऊ रंगांचं वेळापत्रक ज्यांना ऑफिसमुळे पाठ झालं, त्यांच्याशी मी वाद घालायला नको होता. पण मास्तर! मी सांगितलं, "इथे हिरवा म्हणजे हिरवा. छटा घरी ठेवून यायच्या."

आमची ही शेजारी उभी होती. ती हसली. रंगांच्या बाबतीत ती मला फार मोजत नाही. लग्नापासून माझा शर्ट आणि पँट रोज तीच काढून ठेवते, आणि मी आजवर त्याला प्रेम समजत आलो. माझ्या आजोळीही असंच काहीसं होतं. माझ्या मामांना आजी टोमॅटो आणायला कधी पाठवत नसे, कारण ते निम्मे कच्चे आणत. मामा विसरभोळे आहेत, असं घरात ठरलेलं होतं.

योजना सुरू झाली आणि महिनाभरात एक चमत्कार झाला. रंग मी माईकना लावले होते, पण ते लागले माणसांना. "आज हिरव्यांची प्रार्थना फार लांबली," असं लोक बाहेर बोलू लागले. "पिवळ्यांना खाऊ दिला का?" "निळ्यातल्या दोघी आजारी आहेत, आज तीनच आवाज." तरुण संघाचा एक मुलगा कॉयरमध्ये गेला, तर त्याने 'रंग बदलला' असं म्हणण्यात आलं. एकदा महिला मंडळाचा माईक बंद पडला म्हणून मी त्यांना तपकिरी देऊ केला. त्या म्हणाल्या, "नको. आम्ही बिनमाईकच्या बोलू, पण दुसऱ्यांचा वापरणार नाही." दीड वर्षापूर्वी ज्यांनी माईकला कधी हात लावला नव्हता, त्यांची आता ती वडिलोपार्जित जमीन झाली होती. सातबारा तेवढा काढायचा राहिला होता.

कापणीच्या सणाला महिला मंडळाने आपला माईक सजवला. रबरी कडी फिकी दिसते म्हणून तिच्यावर जुन्या शालूची खऱ्या जरीची किनार घट्ट गुंडाळली. सुंदर दिसत होता. पण हातातल्या कॉर्डलेसची अँटेना बहुतेक बुडाशी असते, आणि जर म्हणजे धातूची तार. अँटेनेला धातूचा पदर गुंडाळला की ती डोक्यावर पदर घेतलेल्या नव्या सुनेसारखी होते, बोलते पण बाहेर ऐकू येत नाही. भोपळ्याचा लिलाव चालू असताना "दोनशे एक... दो... न..." असं होत होतं. शेवटी भोपळा कितीला गेला ते फक्त बोली बोलणाऱ्याला कळलं, आणि त्याने सोयीचा आकडा सांगितला.

पण हे समजण्यासारखे अपघात. मला न समजणारे वेगळेच होत होते. कोषाध्यक्ष उभे राहिले की मी तपकिरी पट्टी वर करायचो आणि महिला मंडळातली कुजबुज ऐकू यायची. निळी पट्टी उघडली की गाणं कॉयरचं दिसायचं, पण स्पीकरमधून तरुण संघाच्या च्युइंगगमचा आवाज. मी निष्कर्ष काढला की लोक आपापसात कड्या बदलतात. मास्तरचा हा पहिला निष्कर्ष असतो. चूक वर्गाचीच असते.

मी एक सूचना लिहून दारावर लावली. हिरव्या कार्डशीटवर लाल अक्षरांत: 'कृपया रंग नीट पाहून माईक उचलावा. डोळे देवाने दिले आहेत.' दोघातिघांनी सांगितलं की ही सूचना वाचताना डोळ्यांना त्रास होतो. मला वाटलं, सत्य बोचतं.

माझ्या मदतीला अकरावीतला एक मुलगा असायचा. गुणी पोरगा. मी एखादी पट्टी वर केली की तो माझ्याकडे एकदा बघायचा, समोर एकदा बघायचा आणि न बोलता दुसरी वर करायचा. मला वाटायचं, हाताला चाळा आहे.

गुड फ्रायडेला मात्र तो परीक्षेमुळे आला नव्हता. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सात वक्ते, सहा माईक, त्यामुळे मी आदल्या रात्री रंगीत तक्ता केला होता. तिसऱ्या उद्गारावर बोलायला एक निवृत्त बाई उठल्या. मी तक्ता पाहिला, पट्टी वर केली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पूर्ण दोन मिनिटं. मी त्यांची चूक समजून वाट पाहत राहिलो. पण तो दिवसच असा, की मंडळीला ती शांतता फार अर्थपूर्ण वाटली. दोघीतिघींनी डोळे पुसले. उपासना झाल्यावर एक गृहस्थ मला येऊन म्हणाले, "सर, तिसरा उद्गार सर्वांत प्रभावी झाला."

मग आला नाताळ. तरुण संघाने नाटिका बसवली आणि स्टेजवर निळे एलईडी दिवे लावले. त्याआधी मेणबत्त्यांच्या उजेडातली गाणी होती. आता रंग काही वस्तूच्या पोटात नसतो. उजेड पडतो, त्यातला जो भाग ती वस्तू परत पाठवते तो आपला रंग. नुसता निळा उजेड पडला तर लाल कडीकडे परत पाठवायला काही उरतच नाही, ती काळी दिसते. आणि मेणबत्तीच्या मिणमिण उजेडात माणसाच्या डोळ्याचं रंग ओळखणारं खातं जवळजवळ बंदच होतं, आकार तेवढे दिसतात. म्हणजे त्या रात्री सगळ्या चर्चला रंग दिसेनासे झाले. मेंढपाळांनी देवदूताचा माईक नेला. देवदूत हात उंचावून मोठी वार्ता सांगत होता आणि ती पहिल्या बाकापलीकडे पोचत नव्हती. उलट पडद्यामागून हेरोद राजा सगळ्या नगरला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, माझी मिशी धर, सुटतेय!"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं. दिवसाढवळ्या, खिडकीपाशी, टेबलावर सहा कड्या मांडल्या आणि वर्ग घेतला. "हे बघा. हा निळा. हा जांभळा. हा हिरवा. हा तपकिरी. यात अवघड काय आहे?"

कोणी बोललं नाही. कॉयरच्या ताई पुढे आल्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी, आता त्यांची मुलगी सातवीत आहे. त्या हळूच म्हणाल्या, "सर, उलटं झालंय. तुम्ही निळा म्हणालात तो जांभळा आहे."

"काहीतरीच."

त्यांनी दोन कड्या उचलून माझ्यासमोर धरल्या. "आणि हे दोन? तुम्हाला कसे दिसतात?"

मी नीट पाहिलं. "जवळजवळ सारखेच. एक जरा मळलाय."

"सर, यातला एक हिरवा आहे आणि एक तपकिरी."

खोलीत अशी शांतता पसरली, की गुड फ्रायडेची फिकी पडावी. मागून आमचा अकरावीतला पोरगा म्हणाला, "सर, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम चुकीची पट्टी उघडता. माझी परीक्षा घ्यायला."

आणि ताई म्हणाल्या, "सर, एक विचारू? सातवीत मी नकाशा रंगवला होता. स्वराज्य भगवं आणि मोगलाई हिरवी. तुम्ही दोन गुण कापले होते आणि शेजारी लिहिलं होतं, 'दोन्ही एकाच रंगात का? नीट पाहा.' मी घरी जाऊन खूप वेळ नीट पाहिलं, सर."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये केलेल्या त्या चाचण्या. रंगीत ठिपक्यांची गोल चित्रं, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. एका चित्रात मला स्पष्ट २१ दिसले. ही माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "चौऱ्याहत्तर." डॉक्टर म्हणाले, दोघंही बरोबर. ज्याला रंग नीट दिसतात त्याला ७४ दिसतात, लाल-हिरव्याचा घोळ असलेल्याला २१. संसारात आम्ही दोघं एकाच वेळी बरोबर ठरण्याचा हा पहिला प्रसंग.

डॉक्टरांनी धीर दिला. हा दोष आईकडून येतो, दिसतो मुलग्यांत. युरोपातल्या पाहण्यांत बारा पुरुषांमागे एक आणि दोनशे बायकांमागे एक, असं प्रमाण आढळलंय. रेल्वेच्या ड्रायव्हरची रंगांची परीक्षा घेतात, मास्तरची घेत नाहीत, चर्चच्या साउंडवाल्याची तर नाहीच. अणूचा सिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन क्वेकर पंथाचा, म्हणजे चर्चमधलाच माणूस. त्याला स्वतःलाच हा दोष होता, आणि त्याने १७९४ मध्ये त्यावर निबंध वाचला. त्याच्या मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या डोळ्यातला डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा दोष नेमका कोणता ते कळलं. मला बरं वाटलं. डाल्टनला अणू दिसला नाही आणि रंगही दिसला नाही, तरी इतिहासाने त्याचे गुण कापले नाहीत.

घरी येताना मामांची आठवण झाली. बिचारे आयुष्यभर विसरभोळे म्हणून राहिले. मी हिला विचारलं, "तू माझे कपडे काढून ठेवतेस ते..." ती म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तुम्ही हिरव्या पँटवर लालसर तपकिरी शर्ट घालून चर्चला निघाला होतात. त्या दिवशी ठरवलं."

त्या रविवारी पाळकसाहेबांनी कुसळ आणि मुसळाच्या दृष्टान्तावर संदेश दिला. विषय आधीच ठरलेला होता, असं ते अजूनही शपथेवर सांगतात. माझ्या दारावरच्या सूचनेतलं शेवटचं वाक्य मी उपासनेआधीच फाडून ठेवलं होतं, पण ते सर्वांना पाठ होतं.

नवी पद्धत महिला मंडळाने काढली. प्रत्येक माईकच्या मधल्या भागासाठी क्रोशाची एकेक खोळ विणली, अँटेना मोकळी सोडून. जरीचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. प्रत्येक खोळीवर टपोऱ्या गाठी: पाळकसाहेबांना एक, कोषाध्यक्षांना दोन, असं सहापर्यंत. मिक्सरवरच्या पट्ट्यांखाली टिकल्यांऐवजी मोठे आकडे. आता बोलायला उठणारा मागे वळून मला बोटांनी आकडा दाखवतो. अंधारात बोटाला कळतं, निळ्या दिव्यात कळतं, मोतीबिंदू झालेल्या पंचांना कळतं. रंग मात्र त्यांनी आपल्या मर्जीचे घातले. त्यात शेवाळी होता, अंजिरी होता, आणखी काय काय. मी विचारायला गेलो नाही.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे साक्षी होतात. सरत्या वर्षात काय घडलं ते उभं राहून सांगायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा मिक्सर त्या पोराच्या हाती दिला आणि पुढे गेलो. टेबलावरचा एक माईक उचलला. कोषाध्यक्षांची माफी मागितली, महिला मंडळाची मागितली, तिसऱ्या उद्गाराच्या बाईंची मागितली. मग कॉयरकडे वळून म्हणालो, "सातवीतला तो नकाशा बरोबर होता. ते दोन गुण मी आज सर्वांसमक्ष परत देतो." माझाच गळा दाटून आला. मंडळी एकटक माझ्याकडे बघत होती. कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. एवढं बोलूनही मंडळी गप्प, याचं मला वाईट वाटू लागलं.

तेवढ्यात मागून पोरगा हात हलवत ओरडला, "सर, काहीच ऐकू येत नाही! तो नाही, मोरपंखी घ्या, मोरपंखी!"

सगळी मंडळी एकदम बोटं दाखवू लागली. "तो, तो, डावीकडचा!" मी टेबलाकडे पाहिलं. सहा खोळी होत्या आणि त्यातली मोरपंखी कोणती ते देवालाच माहीत, किंवा महिला मंडळाला. कॉयरच्या ताई उठल्या, एक माईक उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा सांगा, सर. पहिल्यापासून."

मी अंगठ्याने गाठी चाचपल्या. पाच होत्या. तेव्हा मला मोरपंखी म्हणजे काय ते कळलं. मोरपंखी म्हणजे पाच गाठी.